आठ वाजेपर्यंत दार उघडलं नाही तर कुणाच्या लक्षात येईल?

ईसीजी काढण्याआधी पेशंटला घड्याळ, अंगठ्या, गळ्यातली साखळी काढून ठेवायला सांगतात. इंदूरच्या एका इस्पितळात 31 वर्षं मी हेच सांगत आले. घड्याळामुळे ईसीजीची पट्टी (ठोक्यांचा आलेख) बिघडते असं फारसं होत नाही, पण मनगटाला क्लिप लावायला जागा मोकळी लागते आणि नंतर ‘सिस्टर, मेरी अंगूठी’ हा घोळ नको असतो. वस्तू हातात घेतल्या की माझा पुढचा प्रश्न ठरलेला : कुणाकडे देऊ? बहुतेक पेशंट दाराकडे बघत. पडद्याच्या फटीतून एखादा हात आत येई, बायकोचा, मुलाचा, कधी दुकानातल्या नोकराचा. आणि काही जण म्हणत, "राहू द्या, माझ्याच खिशात ठेवा."

पहिली चार-पाच वर्षं मला त्यात काही दिसलं नाही. मग लक्षात यायला लागलं की ‘खिशात ठेवा’वाले उशिरा येतात. दुखायला रात्री अकराला सुरुवात झालेली, आणि साहेब सकाळी सातला स्वतः रिक्षा करून हजर. रात्रभर गॅस समजून ओवा-हिंग चालू. शेजारी कुणी असतं तर त्याने घामाने भिजलेला बनियन बघून बाराच्या आत उचलून आणलं असतं. हा माझा आपला अनुभव, मी काही नोंदी ठेवल्या नव्हत्या. पण निवृत्तीनंतर एकटेपणा आणि हृदय या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले आणि कळलं की ज्यांनी नोंदी ठेवल्या त्यांनाही जवळपास हेच दिसलं होतं.

मी डॉक्टर नाही. गोळ्या, कोलेस्टेरॉल, अँजिओग्राफी याबद्दल तुमचे डॉक्टर सांगतील ते ऐका. मी सांगणार आहे ते आजूबाजूच्या माणसांबद्दल. ती हृदयाला कशी तारतात, कशी मारतात, आणि वयाच्या साठीनंतरसुद्धा त्यांची मांडामांड कशी बदलता येते, हे मी स्वतःवर करून पाहिलं आहे.

आधी शंभरपानी वही घ्या

सात दिवस रोज रात्री झोपण्याआधी लिहायचं. आज समोरासमोर कुणाशी बोलले आणि किती वेळ. फोनवर कुणाशी. जेवण कुणाबरोबर झालं. कुणामुळे डोकं फिरलं. आणि मी कुणाचं काही काम केलं का. व्हॉट्सअॅपवरचे फुलांचे सुप्रभात धरायचे नाहीत. ‘कसं काय, बरं आहे’ एवढंच झालं असेल तर अर्धा गुण.

माझी पहिली वही मी अजून ठेवली आहे. हे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, मुलगा बंगळुरूला, आणि मी विजयनगरच्या पुढे एका मल्टीत सहाव्या मजल्यावर. (इंदूरबाहेरच्यांसाठी : आमच्याकडे अपार्टमेंटला मल्टी म्हणतात.) सोमवारी कामवाल्या ताई, वॉचमन आणि बँकेतली मुलगी. मंगळवारी मुलाचा व्हिडिओ कॉल, अकरा मिनिटं, त्यातली चार नेटवर्क आणण्यात गेली. बुधवारच्या पानावर एकच शब्द आहे : दूधवाला. तो बुधवार माझ्या लक्षातही आला नसता. टीव्ही दिवसभर चालू होता, त्यामुळे घरात आवाज होता आणि आपण बोलतोय असंच वाटत राहिलं.

आठवडा संपला की वहीच्या शेवटच्या पानावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. सकाळी आठपर्यंत माझं दार उघडलं नाही तर कुणाच्या लक्षात येईल? आणि रात्री दोन वाजता ‘झोपमोड होईल’ असा विचार न करता मी कुणाला फोन लावू शकते? परगावची मुलं या यादीत घ्यायची नाहीत. बंगळुरूहून कुणी माझ्या जिन्यावर चढणार नाही.

एक सावधगिरी. एकटं राहणं आणि एकटं पडणं या दोन गोष्टी आहेत आणि वही दोन्ही दाखवते. आमच्या इस्पितळात एक आजी यायच्या, नऊ माणसांच्या घरातल्या. बरोबर पाचजण, त्यातले दोन फोनवर. बीपीची गोळी कोण देतं विचारलं तर म्हणाल्या, "मीच घेते, आठवली तर." त्यांची वही माझ्या बुधवारपेक्षा रिकामी निघाली असती. उलट आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर एकटे राहतात, पण त्यांच्याकडे रोज चार पोरं गणित विचारायला येतात आणि वर्तमानपत्र तिघांत फिरतं.

कॅलिफोर्नियातल्या अॅलामेडा भागात 1965 साली सुमारे सात हजार माणसांना असंच काहीसं विचारलं होतं : लग्न, मित्र-नातेवाईक, देऊळ-चर्च, मंडळं. मग नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. 1979 साली निष्कर्ष छापून आला. ज्यांची माणसं सगळ्यात कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात जास्त माणसं असलेल्यांच्या दुपटीहून अधिक होतं. सिगारेट, दारू, वजन हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच. पुढे 2016 साली अनेक देशांतले असे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा एकटेपणा किंवा माणसांपासून तुटलेपणा असलेल्यांत हृदयविकाराचा धोका 29 टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा 32 टक्क्यांनी जास्त दिसला.

हे होतं कसं? थोडं शरीरातून होतं. माणूस सतत सावध, धास्तावलेला असला की अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं चढी राहतात, बीपी खाली यायचं विसरतं, झोप तुटते, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला बारीक सूज राहते. आणि बरंचसं साध्या व्यवहारातून होतं. गोळी संपली हे कुणी बघत नाही. एकट्यासाठी काय शिजवायचं म्हणून सेव-परमल (शेव-चुरमुरे) खाऊन झोपायचं. छातीत दुखलं तर सांगायचं कुणाला.

ओटला

माझा जन्म रामबागेतल्या वाड्यातला. पणजोबा होळकरांच्या खासगीत कारकून होते, तेव्हापासूनचं बिऱ्हाड. वाड्याला रस्त्याकडून दगडी ओटला होता. संध्याकाळी आजोबा त्यावर बसले की येणारा-जाणारा प्रत्येकजण दोन वाक्यं टाकून जाई. आजोबा एक दिवस दिसले नाहीत तर समोरचे पंडितजी हाक मारत, "क्या बात है, दादासाहब?" वाडा वाटण्यांत गेला. आता तिथे तीन मजली इमारत आहे आणि ओटल्याच्या जागी पार्किंग.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियात रोझेटो नावाचं गाव आहे, त्याची कथा वाचताना मला हाच ओटला दिसला. इटलीतून आलेल्या लोकांची वस्ती. पुरुष पाटीच्या दगडाच्या खाणीत राबत, सिगार ओढत, स्वयंपाक डुकराच्या चरबीत. तरी शेजारच्या बँगोर गावाच्या मानाने तिथे हार्ट अटॅकने मरणारे फारच कमी. 1960च्या दशकात डॉक्टर स्ट्युअर्ट वुल्फ आणि समाजशास्त्रज्ञ जॉन ब्रून यांनी गाव पिंजून काढलं. खाण्यात काही सापडेना. दिसलं ते एवढंच की घरात तीन-तीन पिढ्या, संध्याकाळी सगळे रस्त्यावर, श्रीमंताने श्रीमंती दाखवायची नाही आणि कुणाचं वाईट झालं तर गाव धावतं. वुल्फ-ब्रून तेव्हाच म्हणाले होते की हे टिकलं नाही तर हृदयाचं संरक्षणही टिकणार नाही. पुढच्या पिढीने गावाबाहेर कुंपणवाली मोठी घरं बांधली, आणि 1970च्या दशकापर्यंत रोझेटो बँगोरच्या बरोबरीला आलं. गाव छोटं, आकडे छोटे, त्यामुळे यावर शंका घेणारेही आहेत आणि ते चूक नाहीत. चरबीत तळून खा आणि शेजाऱ्यांशी गप्पा मारा, असा अर्थ कुणी काढू नये.

वाडा परत येणार नाही. ओटला मात्र मी मल्टीत आणला. कसा ते सांगते.

घरातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या आणि तळमजल्यावर लिफ्टच्या समोर ठेवल्या. एकीवर मी, दुसरी रिकामी. वेळ ठरवून घेतली, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, रोज. हातात काम असलं पाहिजे, मटार सोला, मेथी निवडा. नुसतं बसलेल्या म्हातारीला लोक टाळतात, मटार सोलणारीशी बोलतात. जागा अशी पाहिजे की लोकांना तिथून जावंच लागतं. गच्चीवर मांडल्या असत्या तर मी अजून एकटीच बसले असते. कुणाला बोलावलं नाही. पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या एका साहेबांनी ऐकवलं, "आंटीजी, ये कोई मोहल्ला थोड़ी है." मी म्हटलं, नाही ना, म्हणूनच. तिसऱ्या आठवड्यात सहा खुर्च्या झाल्या. आता ते साहेबही बसतात, आणि मटार चांगले सोलतात.

एकच पथ्य : त्याला नाव द्यायचं नाही, वर्गणी काढायची नाही, अध्यक्ष नेमायचा नाही. आपल्या मराठी मंडळींना कार्यकारिणी निवडल्याशिवाय चहा गोड लागत नाही आणि निवडली की तोच चहा कडू होतो. हे मी तीन मंडळांचा अनुभव घेऊन बोलते आहे.

खुर्च्यांतूनच पुढे सकाळचं चालणं निघालं. प्रौढ माणसाने आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम वेगाने हालचाल करावी असं सांगतात. मध्यम म्हणजे किती, याची सोपी खूण आहे : चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. आमच्यातल्या एक वहिनी मेघदूत उपवनात चालताना आरामात अख्खी आरती म्हणत, त्यांना वेग वाढवायला लावला. एकटी होते तेव्हा मी थंडीत हमखास दांडी मारायची. आता खाली कुणी स्वेटर घालून थांबलेलं असतं, त्यामुळे शरमेपोटी उतरावंच लागतं.

सेव नको म्हणायची रीत

इंदूरमध्ये हृदयाचा विषय काढायचा आणि खाण्याबद्दल बोलायचं नाही, हे शक्य नाही. इथे माणसं जोडली जातात तीच खाण्यावरून. सकाळी पोहे-जिलबी, संध्याकाळी छप्पन दुकान, रात्री सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की सराफ्यात भुट्टे का कीस, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. पथ्य सांगितलेला माणूस आधी यातून बाहेर पडतो आणि मग मित्रांतून. माझ्या दीरांचं असंच झालं. स्टेंट बसल्यावर त्यांनी रविवारचं टोळकं सोडलं, कारण तिथे कचोरी असते. सहा महिन्यांत वजन कमी झालं आणि चेहराही पडला. घरी कुणाशी बोलेनात. मला तो सौदा तोट्याचा वाटला आणि मी त्यांना तसं म्हटलं. जाऊबाई आठवडाभर माझ्यावर रागावल्या होत्या.

टोळकं सोडू नका, टोळक्याची सवय हलवा. आमच्याकडचे पोहे तसे गरीब, वाफेवर गरम ठेवलेले. त्यांच्यावर मूठभर सेव आणि जीरावन (वरून भुरभुरायचा मसाला) पडतं तिथे मीठ येतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, म्हणजे साधारण एक छोटा चमचा, सगळं मिळून. तेव्हा प्लेट हातात यायच्या आधी बोलायचं : "भिया, सेव मत डालना, जीरावन नाम का, नींबू-प्याज ज्यादा." प्लेट आल्यावर सेव बाजूला काढत बसलात तर चौघं आग्रह करणार. सराफ्यात एक कीस चौघांत. आणि टोळक्यातल्या निदान एकाला आधी खासगीत सांगून ठेवा की मला आग्रह करू नकोस, दुसरा करायला लागला तर त्याला आवर. आपण स्वतः नाही म्हटलं तर ते ‘नखरे’ असतात, मित्राने म्हटलं तर काळजी. दीरांच्या बाबतीत हे काम त्यांच्या शाळेतल्या मित्राने केलं. तो आता स्वतःही सेव घेत नाही.

पाहुणचार करणाऱ्या बायकांना हात जोडून एक विनंती. हृदयाचा पेशंट घरी आला तर ‘एका गुलाबजामने काय होतंय’ म्हणू नका. दिवसाला तीन घरी तो एकेकच खातो.

गुमटीचंही (पानटपरीचंही) असंच. पान, सिगारेट, तंबाखूपेक्षा तिथल्या दहा मिनिटांची ओढ जास्त असते. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम इथे एकाच गावातल्या लोकांच्या दशकानुदशकांच्या नोंदी आहेत. त्यावरचं 2008 सालचं संशोधन सांगतं की नवरा-बायकोतल्या एकाने सिगारेट सोडली तर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी उतरते, मित्राने सोडली तर 36 टक्क्यांनी. माणसं गटागटाने सोडत होती. म्हणून एकट्याने शपथ घेण्यापेक्षा गुमटीवरच्या एका जोडीदाराला बरोबर घ्या आणि ती दहा मिनिटं दुसरीकडे न्या, उसाचा रस प्या, शिकंजी प्या. घरात कुणी ओढत असेल तर बाल्कनीत जाऊन ओढणं हा तोडगा नाही, धूर आत येतोच. दुसऱ्याच्या धुराने न ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका 25 ते 30 टक्क्यांनी वाढतो.

घरातलंच माणूस

पडद्याआडून आत येणारा हात नेहमीच आधाराचा असे, असं नाही. एक बाई मला आठवतात, चाळिशीच्या. मशीन चालू, ठोके 84. दाराबाहेर नवऱ्याचा आवाज आला, "अजून किती वेळ?" आणि कागदावर ठोके शंभराच्या वर गेले. मी दुसरी पट्टी काढली. पहिलीही फाइलला लावली, डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मान हलवली. आमच्याकडे त्यावर लिहून द्यायला औषध नव्हतं.

स्टॉकहोममध्ये हृदयविकार झालेल्या 292 बायकांवर झालेला अभ्यास 2000 साली आला. लग्नातला ताण तीव्र असलेल्यांना पुन्हा हृदयाचा त्रास होण्याचा धोका जवळपास तिप्पट निघाला. नोकरीतल्या ताणाचा तसा परिणाम त्यांच्यात दिसला नाही. आपल्याकडे बाईला अटॅक आला की पहिला प्रश्न ‘ऑफिसचं टेन्शन होतं का’ असा येतो.

वहीत ‘कुणामुळे डोकं फिरलं’ या रकान्यात तेच नाव चार-पाच दिवस येत असेल तर त्याचं काहीतरी करावं लागतं. संसार मोडा असं मी सांगत नाही, सांगणारी मी कोण. पण भांडणाची वेळ आणि जागा हलवता येते. आमच्या घरी पैशांची बोलणी रात्री जेवताना होत, आणि मग ह्यांची झोप जाई. नियम केला : पैशांचं बोलणं रविवारी दुपारी, कागद-पेन घेऊन, मुलगा फोनवर. भांडणं संपली नाहीत, पण रात्रीची थांबली. बीपी घरी मोजत असाल तर भांडणानंतर लगेच मोजून औषध वाढवून मागू नका. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा आणि मग मोजा. मारहाण किंवा धाक असेल तर मात्र वही वगैरे ठेवू नका, 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा.

दुःखानेही हृदय खरोखर बिघडतं. 1990 साली जपानमध्ये त्याला ताकोत्सुबो हे नाव मिळालं, ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून, कारण हृदयाचा डावा कप्पा तसा फुगलेला दिसतो. पट्टी अटॅकसारखी, पण अँजिओग्राफी केली तर वाहिन्या मोकळ्या. बहुतेक पेशंट पाळी गेलेल्या बायका. भाऊ गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आलेल्या एका मावशींची अशी पट्टी मी काढली होती. काही आठवड्यांत हृदय बहुधा पूर्ववत होतं, त्यांचंही झालं. म्हणून घरात मर्तिक झालं की तेरा दिवस गर्दी असते तेव्हा जाऊ नका, चौदाव्या दिवशी जा. आणि घरातली बाई छातीत दुखतंय म्हणाली तर ‘रडून रडून झालंय’ म्हणून सोडू नका, पट्टी काढा. पट्टी न काढता रडण्याने दुखतंय की हृदयाने, हे कुणालाच सांगता येत नाही.

जो घरातल्या आजाऱ्याचं करतो, त्याचं कोण बघतं? 1999 सालच्या एका अभ्यासात आजारी जोडीदाराची सेवा करून थकून गेलेल्या वृद्धांमध्ये, सेवेचा भार नसलेल्यांच्या तुलनेत, चार वर्षांत मृत्यूचा धोका 63 टक्क्यांनी जास्त निघाला. सासूबाई अंथरुणाला होत्या त्या दोन वर्षांत मी एकदाही माझं बीपी मोजलं नाही, आणि मी दिवसभर लोकांची छाती तपासत होते. अशा घरी डबा नेऊ नका. दोन तास बसायला जा आणि करणाऱ्याला बाहेर पाठवा.

नोकरीबद्दल थोडक्यात, कारण तिथे आपल्या हातात कमी असतं. 1967 पासून लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या 17 हजारांहून जास्त पुरुषांच्या पाहणीत सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या शिपायांमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण वरच्या साहेबांच्या साडेतीन पटींच्या आसपास होतं. सगळे सरकारी नोकर, इस्पितळ सगळ्यांना फुकट. नंतरच्या पाहणीत एक कारण पुढे आलं : आपल्या कामावर आपला ताबा नसणं. सुपर कॉरिडॉरवर नोकरी करणाऱ्या भाच्याला मी सांगितलं, साहेब बदलता येत नसेल तर दिवसातला एक तरी तुकडा स्वतःच्या हुकमतीत ठेव, जेवणाची वेळ तरी. तो म्हणाला, मावशी, तेवढंच तर जमत नाही.

आणि माझ्या सगळ्या बोलण्यावर पाणी ओतणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेत सुमारे 2,500 हार्ट अटॅकच्या पेशंटवर प्रयोग झाला, जे उदास होते किंवा ज्यांना माणसांचा आधार नव्हता. अर्ध्यांना समुपदेशन दिलं. 2003 साली निकाल आला : मन थोडं सुधारलं, आधार थोडा वाढला, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे अटॅक कमी झाले नाहीत. म्हणजे खुर्च्या मांडल्या म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) बंद करायची नाही. गोळ्या गोळ्यांच्या जागी. माझा आपला तर्क असा की अटॅकनंतर सहा महिन्यांत माणसं पैदा करता येत नाहीत, ती आधीपासून लावावी लागतात.

लिफ्ट मोजा

हे सगळ्यात कोरडं काम, आणि याच आठवड्यात होण्यासारखं.

तुमच्या मल्टीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, टेप घेऊन बघा. आमच्याकडे मावत नाही. म्हणून तळमजल्यावर एक मजबूत, हातवाली खुर्ची ठेवली आहे आणि वॉचमनला ती दाखवून ठेवली आहे. अँब्युलन्सचा 108 नंबर पाठ पाहिजे. पत्ता सांगताना ‘विजयनगरच्या पुढे’ चालत नाही, कोणत्या गेटने आत यायचं ते सांगावं लागतं. ते वाक्य लिहून फोनजवळ चिकटवा, त्या वेळी सुचत नाही.

फ्रिजवर एक कागद : गोळ्यांची नावं आणि डोस, कशाची अॅलर्जी, कोणते आजार, डॉक्टरांचा नंबर, दोन शेजाऱ्यांचे नंबर. बरोबर जुन्या ईसीजीची झेरॉक्स. मूळ पट्टी नको, तो कागद उष्णतेवर छापणारा असतो, वर्ष-दोन वर्षांत पांढरा पडतो. मोबाइलमध्येही फोटो ठेवा. नवीन पट्टी बघताना डॉक्टर पहिल्यांदा विचारतात की जुनी आहे का, कारण काहींच्या पट्टीत आधीपासूनच बदल असतात. किती वेळा नातेवाइकांनी माझ्यासमोर कोरा कागद उलगडला आहे.

खुर्च्यांवरच्या मंडळींना हार्ट अटॅकची लक्षणं सांगून ठेवली आहेत. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, दरदरून घाम. बायकांना आणि मधुमेहींना छातीत न दुखताही येतो : एकदम दम लागणं, मळमळ, पाठीत दुखणं, कधी नव्हे तो थकवा. आमचा ठराव असा की असं काही झालं तर ज्याला होतंय त्याचं मत विचारायचं नाही. तो गॅसच म्हणणार. फोन दुसऱ्याने करायचा. ॲस्पिरिन चावून खायची का, हे आपापल्या डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवायचं, सगळ्यांना ती चालत नाही. स्वतः स्कूटर चालवत जायचं नाही. मल्टीतल्या दोन कॉलेजच्या मुलांनी छाती दाबायचं रीतसर शिकून घेतलं आहे : छातीच्या मधोमध, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. माझ्या गादीच्या लोडावर सराव करतात. लोड फाटला.

आणि सकाळची खूण. समोरच्या फ्लॅटमधल्या सिंधी भाभींशी माझं ठरलं आहे : आठपर्यंत माझं वर्तमानपत्र दाराबाहेरच दिसलं तर त्या बेल वाजवणार. दोनदा वाजवून दार उघडलं नाही तर किल्ली त्यांच्याकडे आहे. त्यांच्याकडची खूण दुधाच्या पिशवीची.

गेल्या पौषात एकदा मी डोक्यावरून रजई घेऊन साडेआठपर्यंत झोपले. बेल ऐकू आली नाही. दारावर धडाधड आवाज यायला लागला तेव्हा जागी झाले. बाहेर भाभी, मास्तर, वॉचमन आणि छाती दाबायला शिकलेला एक मुलगा. किल्ली फिरत होती पण दार उघडत नव्हतं, कारण रात्री मी सवयीने आतून वरची कडी लावली होती. चौघांनी माझ्याकडे पाहिलं, मी कडीकडे पाहिलं. दुपारी सुतार बोलावून ती काढून टाकली. शंभर रुपये घेतले त्याने.